एका माणसापुरता कायदा: अमेरिकेतलं प्रायव्हेट बिल म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत मुलगा, मुलगी, भाचा, पुतण्या कुणीतरी आहे असं घर आता महाराष्ट्रात गावोगावी सापडतं, आणि ग्रीन कार्डची लाइन, एच वन बी, डिपोर्टेशन अशा बातम्या आल्या की त्या घरात फोनाफोनी सुरू होते. त्यात एक प्रश्न हमखास येतो, की तिकडे म्हणे एखाद्या माणसाच्या नावाने संसदेत बिल आणून त्याला देशात राहू देतात, हे खरंय का, आणि खरं असेल तर आपल्या माणसासाठी का नाही होणार?

खरंय. 2022 च्या अखेरीस भारतातून तिकडे शिकायला गेलेल्या एका मुलीसाठी आणि तिच्या आईवडिलांसाठी असा कायदा झालाय, राष्ट्राध्यक्षांच्या सहीसकट. अपघातात तिला कायमचं अपंगत्व आलं, आईवडील तिचं सगळं करायला तिथे राहिले, आणि या तिघांना बसवता येईल असा एकही रकाना नेहमीच्या व्हिसाच्या नियमांत नव्हता. 2021 आणि 2022 या दोन वर्षांत अख्ख्या अमेरिकेत असे कायदे झाले ते हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. म्हणून "खरंय" एवढं सांगून थांबलं तर लोकांची दिशाभूल होते, पुढचंही सगळं सांगायला हवं.

मुळात ही व्यवस्था काय आहे

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात, तिची दोन सभागृहं, हाऊस आणि सिनेट. ही संसद दोन जातीचे कायदे करते. एक सगळ्यांना लागू होणारा, तो पब्लिक लॉ. दुसरा नाव घेऊन एखाद्या माणसाला, कुटुंबाला किंवा संस्थेला लागू होणारा, तो प्रायव्हेट लॉ, आणि पास व्हायच्या आधी तो प्रायव्हेट बिल असतो. आपल्या लोकसभेत शुक्रवारी खासगी सदस्यांची विधेयकं येतात त्याच्याशी याचा काही संबंध नाही, तिथे बिल मांडणारा मंत्री नसतो एवढंच, कायदा मात्र सगळ्यांसाठीच असतो.

हाऊसिंग सोसायटीचं उदाहरण घ्या. पार्किंग फ्लॅट नंबरप्रमाणे द्यायचं असा नियम आहे. एका सभासदाच्या मुलाला अपघात झाला, तो व्हीलचेअरवर आला, आणि त्यांचं पार्किंग नेमकं लिफ्टपासून सगळ्यात लांब. सेक्रेटरीला वाईट वाटतं, पण त्याच्या हातात काही नाही, त्याने स्वतःच्या अधिकारात जागा बदलली तर उद्या त्याच्यावरच तक्रार होईल. मग जनरल बॉडी बसते आणि ठराव करते, फक्त या फ्लॅटपुरता, लिफ्टजवळची जागा यांना. नियम तसाच राहतो, एका घराला दिलासा मिळतो. प्रायव्हेट बिल म्हणजे देशाच्या पातळीवरचा असा एका फ्लॅटपुरता ठराव. पुढच्या वर्षी असे दहा अर्ज आले तर मात्र शहाणी सोसायटी ठराव करत बसत नाही, नियमच बदलते, आणि अमेरिकेत गेल्या दोनशे वर्षांत नेमकं हेच होत आलंय, ते पुढे येतंच.

त्या कागदावर काय लिहिलेलं असतं

हे बिल प्रत्यक्ष वाचलं तर सगळ्यात जास्त समजतं, कारण ते एक-दोन पानांचंच असतं. वर मथळा, अमक्याला दिलासा देण्यासाठी, बस. खाली पहिलं कलम सांगतं की इमिग्रेशनच्या कायद्यात काहीही म्हटलेलं असलं तरी या माणसाला कायमच्या वास्तव्यासाठी, म्हणजे ग्रीन कार्डसाठी, पात्र धरावं. मग मुदत, साधारण दोन वर्षांच्या आत त्याने फी भरून रीतसर अर्ज करायचा, कारण कायद्याने दार उघडतं, आतला फॉर्म ज्याचा त्यालाच भरावा लागतो.

त्याच्यापुढची दोन कलमं आपल्या लोकांनी नीट वाचावीत अशी आहेत. एकात लिहिलेलं असतं की याला दिलेला एक व्हिसा त्याच्या जन्माच्या देशाच्या कोट्यातून वजा करावा. म्हणजे भारतात जन्मलेल्या एकाला असा दिलासा मिळाला तर भारताच्या लाइनीतली एक जागा जाते, आकाशातून नवीन जागा पडत नाही. दुसरं कलम सांगतं की या माणसाचे जन्मदाते आईवडील आणि भाऊबहीण यांना केवळ याच्या नात्यावर इमिग्रेशनचा कुठलाही हक्क मिळणार नाही. दिलासा अगदी मोजूनमापून द्यायचा, त्याला फाटे फुटू द्यायचे नाहीत, असा तो सगळा हिशोब.

पैशाच्या भरपाईची प्रायव्हेट बिलं असतात त्यातही असंच एक कलम असायचं, मिळालेल्या रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त फी वकिलाने घेतली तर तो गुन्हा, हजार डॉलरपर्यंत दंड. मला हे कलम फार महत्त्वाचं वाटतं, कारण दिलासा मागायला आलेला माणूस किती टेकीला आलेला असतो आणि त्याला कोण कसं लुटू शकतं हे त्या काळच्या खासदारांना चांगलं ठाऊक होतं.

पण कोर्ट कशाला असतं मग?

ही शंका बरोबर आहे. पण एक जुना नियम लक्षात घ्या, सरकारवर सरकारच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. इंग्लंडच्या राजाच्या काळापासून चालत आलेला हा नियम अमेरिकेने स्वातंत्र्यानंतरही ठेवला. वर त्यांच्या घटनेत स्पष्ट लिहिलंय की कायद्याने मंजूर केल्याशिवाय खजिन्यातून पैसा बाहेर निघणार नाही. म्हणजे सरकारी गाडीने तुमची बैलगाडी उडवली तरी भरपाईसाठी जायचं कुठे, तर थेट संसदेत, अर्ज घेऊन. अर्ज करण्याचा हक्क मात्र घटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत दिलेला आहे.

पहिलीच काँग्रेस बसली त्या वर्षी, 29 सप्टेंबर 1789 ला, पहिला प्रायव्हेट कायदा झाला, स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या बॅरन द ग्लाउबेक नावाच्या एका परदेशी अधिकाऱ्याला कॅप्टनचा पगार द्यावा म्हणून. त्यानंतर जी रांग लागली ती शंभर-सव्वाशे वर्षं हटली नाही. यादवी युद्धानंतर तर सैनिक, विधवा, आईवडील सगळे पेन्शनसाठी बिलं आणायला लागले, पेन्शन ऑफिसने नाकारलं की खासदार गाठायचा. ग्रोव्हर क्लीव्हलंड राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी यातली एकेक फाइल वाचून परत पाठवायला सुरुवात केली, पहिल्या चार वर्षांत त्यांनी 414 बिलं नाकारली आणि त्यातली बहुतेक अशी एकेकट्या माणसाच्या पेन्शनचीच होती. तरी थांबलं नाही. 1905 ते 1907 या काँग्रेसच्या एकाच दोन वर्षांच्या मुदतीत सहा हजारांहून जास्त प्रायव्हेट कायदे झाले, सगळ्या देशासाठीचे कायदे त्याच काळात हजारही नव्हते. विचार करा, रेल्वे, बँका, परराष्ट्र धोरण बघायचं सोडून संसद कुणाची पेन्शन बारा डॉलर करायची हे ठरवत बसलेली.

मग ते कमी कसे झाले

जिथे जिथे ठरावांचा ढीग पडला तिथे तिथे हळूहळू नियम बदलले. 1855 मध्ये सरकारविरुद्धच्या दाव्यांसाठी वेगळं कोर्ट काढलं. सुरुवातीला ते नुसती शिफारस करायचं, मग निकालाचा अधिकार आला, आणि 1887 मध्ये करारांपासून अनेक प्रकारचे दावे तिथे लावायची सोय झाली.

अपघाताच्या भरपाईचं मात्र तसंच रखडलं होतं. 28 जुलै 1945 ला दाट धुक्यात अमेरिकी लष्कराचं एक बी-25 बॉम्बर विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळलं, 14 माणसं गेली. चूक सरकारी विमानाची, मेलेल्यांत बहुतेक ऑफिसात काम करणारे लोक, आणि त्यांच्या घरच्यांना सरकारवर दावा लावायचा हक्कच नाही. पुढच्याच वर्षी, 1946 मध्ये, सरकारी कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाबद्दल सरकारवर दावा लावता येईल असा कायदा झाला आणि तो 1 जानेवारी 1945 पासून मागे लागू केला, म्हणजे या घटनेतल्या कुटुंबांनाही कोर्ट उघडं झालं. त्याच वर्षी काँग्रेसने स्वतःवर बंधन घातलं, की अशा भरपाईची, पेन्शनची, लष्करी रेकॉर्ड दुरुस्तीची प्रायव्हेट बिलं आता घेणारच नाही.

इमिग्रेशनचंही असंच झालं, आणि यात एक भारतीय धागा आहे. 1940 पर्यंत कायद्याने हद्दपारीला पात्र ठरलेल्या माणसाला वाचवायचं तर प्रायव्हेट बिल हाच रस्ता होता. त्या वर्षी काँग्रेसने ठरवलं की फार हालअपेष्टा होणार असतील तर ऍटर्नी जनरलने, म्हणजे न्यायखात्याच्या प्रमुखाने, हद्दपारी थांबवावी, पण शेवटचा नकार आपल्याकडे ठेवला. जगदीश राय चड्ढा म्हणून केनियात जन्मलेले, भारतीय आईवडिलांचे, ब्रिटिश पासपोर्टवाले विद्यार्थी 1966 मध्ये अमेरिकेत आले, व्हिसा संपला, परत जायला देश राहिला नव्हता. इमिग्रेशन जजने त्यांची हद्दपारी थांबवली. डिसेंबर 1975 मध्ये हाऊसने 340 जणांच्या यादीतून सहा नावं वगळली, त्यात हे एक. एका सभागृहाचा एक ठराव, ना सिनेट, ना राष्ट्राध्यक्षांची सही. ते कोर्टात गेले, आणि 1983 मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला की संसदेला एखाद्या माणसाचा हक्क बदलायचा असेल तर पूर्ण कायदा करावा लागेल, दोन्ही सभागृहं आणि सही, शॉर्टकट चालणार नाही. म्हणून आजही काँग्रेसला एखाद्याला थेट राहू द्यायचं असेल तर पूर्ण प्रक्रियेतून जाणारं प्रायव्हेट बिलच आणावं लागतं.

नियम सुधारले, तरी गरज उरतेच का?

उरते, कारण नियम करणाऱ्याला सगळी माणसं आधी दिसत नाहीत. फ्रँक ओल्सन हे सरकारी शास्त्रज्ञ होते, 1953 मध्ये सीआयएच्या लोकांनी त्यांना नकळत एलएसडी हे भ्रम आणणारं द्रव्य दिलं आणि काही दिवसांत न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खिडकीतून पडून ते गेले. घरच्यांना एलएसडीची गोष्ट 1975 मध्ये कळली, बावीस वर्षांनी. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी बोलावून माफी मागितली, पण सरकारी नोकर कामावर असताना गेला तर ठरलेली भरपाई आणि दावा नाही, हा नियम आडवा. शेवटी 1976 मध्ये काँग्रेसने प्रायव्हेट कायद्याने त्या कुटुंबाला साडेसात लाख डॉलर दिले. याला मेहेरबानी म्हणायची माझी तयारी नाही, सरकारनेच केलेल्या गोष्टीची ती उशिरा दिलेली किंमत होती.

राज्यांमध्येही ही वाट आहे. फ्लोरिडात सरकारी यंत्रणेच्या चुकीबद्दल कोर्टाने कितीही भरपाई ठरवली तरी एका माणसाला दोन लाख डॉलरच्या वर सरकार आपोआप देत नाही असा नियम वर्षानुवर्षं चालत आलाय, वरच्या रकमेसाठी विधिमंडळात क्लेम बिल आणावं लागतं. 1923 मध्ये रोझवूड हे काळ्या लोकांचं गाव गोऱ्या जमावाने जाळलं, सरकारने वाचवलं नाही, आणि 71 वर्षांनी, 1994 मध्ये, अशाच क्लेम बिलाने वीस लाखांहून जास्त डॉलर मंजूर झाले, हयात असलेल्या म्हाताऱ्या माणसांना प्रत्येकी दीड लाख. तेवढ्या वर्षांनी कुठल्याच कोर्टात हा दावा टिकला नसता.

एकासाठी कायदा, हा भेदभाव नाही का?

अमेरिकन घटना एका माणसाला नाव घेऊन शिक्षा करणारा कायदा करू देत नाही, तशी स्पष्ट बंदी आहे. नाव घेऊन दिलासा द्यायला बंदी नाही. आणि एका नावाचा कायदा घटनेत बसतो का हा प्रश्न आपल्याकडेही आलाय, तोही सोलापूरच्या निमित्ताने. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, जिला सोलापूरकर जुनी मिल म्हणतात, ती 1949 मध्ये बंद पडली, हजारो कामगार घरी बसले. 1950 च्या सुरुवातीला केंद्राने आधी वटहुकूम आणि मग कायदा काढून त्या एकाच कंपनीचा कारभार ताब्यात घेतला. एका भागधारकाने विचारलं, एवढ्या गिरण्या असताना कायदा आमच्यासाठीच का, कलम 14 च्या समानतेचं काय? डिसेंबर 1950 मध्ये सुप्रीम कोर्टाने बहुमताने सांगितलं की परिस्थिती खरोखर वेगळी असेल तर कायदा एकालाच लागू असू शकतो. पुढे डिसेंबर 1953 मध्ये मालमत्तेच्या हक्काच्या मुद्द्यावर ती कारवाई कोर्टात टिकली नाही हे खरं, पण एकासाठी कायदा म्हणजे आपोआप भेदभाव नाही, हे तत्त्व आपल्याकडे राहिलं. तरी आपल्याकडे एकेकट्या माणसाचा दिलासा संसदेतून येत नाही, तो मुख्यमंत्री सहायता निधी, सानुग्रह अनुदान, दयेचा अर्ज अशा वाटांनी मंत्रालयातून किंवा राज्यपालांकडून येतो.

वशिला चालत असणार!

चालला होता, आणि फार वाईट पद्धतीने. 1980 मध्ये ऍबस्कॅम प्रकरण बाहेर आलं, एफबीआयच्या लोकांनी एका खोट्या अरब शेखची माणसं बनून खासदारांना विचारलं, शेखला अमेरिकेत राहायचंय, प्रायव्हेट बिल आणाल का, हे घ्या पैसे. खासदारांनी नोटांच्या थप्प्या घेतल्या आणि ते छुप्या कॅमेऱ्यात आलं. एक सिनेटर आणि हाऊसचे सहा सदस्य दोषी ठरले. त्यानंतर प्रायव्हेट बिल म्हटलं की खासदार बिचकायला लागले.

आज चाळण्या बऱ्याच आहेत. बिल आधी न्यायविषयक समितीच्या इमिग्रेशन उपसमितीकडे जातं, तिथे पहिला प्रश्न हाच, बाकी सगळे रस्ते संपलेत का. मग सरकारी खात्याकडून त्या माणसाचा अहवाल मागवतात, पूर्वी अशा केसमध्ये दिलासा दिलाय का ते बघतात. हाऊसमध्ये दोन्ही पक्षांनी हरकत घेण्यासाठीच नेमलेले सदस्य असतात, त्यांनी प्रत्येक बिल वाचायचं, आणि दोघांनी हरकत घेतली की बिल परत समितीकडे. तरी मी म्हणेन की ज्याची बातमी झाली, ज्याच्यामागे गाव, चर्च, कॉलेज, वर्तमानपत्र उभं राहिलं त्याचंच बिल पुढे सरकतं, आणि तेवढंच दुःख असलेला पण एकटा पडलेला माणूस खासदाराच्या दारापर्यंतही पोचत नाही. या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा अन्याय मला हाच वाटतो.

बिल मांडलं की हद्दपारी थांबते, हे बरोबर?

अर्धं बरोबर. समितीने अहवाल मागवला की बिलाचा निकाल लागेपर्यंत हद्दपारी थांबवायची अशी बरीच वर्षं पद्धत होती. म्हणून काही सिनेटर, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियाच्या डायान फाइनस्टाइन, काही कुटुंबांची बिलं दर काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडायच्या, कारण काँग्रेस दोन वर्षांची, ती संपली की बिल मरतं. पास नाही झालं तरी मुलं शाळा संपवायची, घर चालू राहायचं. 2017 मध्ये इमिग्रेशन खात्याने हे आवळलं, समिती किंवा उपसमितीच्या अध्यक्षाने लेखी मागितलं तरच थांबवणार आणि तेही साधारण सहा महिन्यांसाठी. त्यामुळे "बिल मांडून देतो, मग कुणी हात लावणार नाही" असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठून या.

ग्रीन कार्डच्या लाइनीला हा उपाय आहे का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला वाईट वाटतं. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सर्वसाधारणपणे सात टक्क्यांपर्यंतच, म्हणून भारतीयांची लाइन दहा-दहा वर्षांच्या पुढे गेलीय. आईवडिलांच्या व्हिसावर लहानपणी गेलेली मुलं एकवीसची झाली की त्या व्हिसातून बाहेर पडतात, ज्या देशात वाढली तिथेच परकी होतात. हे दुःख खरं आहे, पण हजारो घरांत सारखंच आहे, आणि समितीच्या लेखी जे सगळ्यांचं आहे ते प्रायव्हेट बिलाचं काम नाही. तिथे त्या देशनिहाय मर्यादेचा नियमच बदलायला हवा, तशी बिलं बऱ्याचदा मांडली गेलीत पण त्यांचा कायदा झालेला नाही. पूर्वी पेन्शनच्या, अपघाताच्या अर्जांचा ढीग पडला तेव्हा काँग्रेसने नियम बदलले. आज ढीग तितकाच आहे पण तो संसदेच्या टेबलावर दिसत नाही, खात्याच्या कॉम्प्युटरमध्ये पडून आहे.

मग खासदाराकडे जायचंच नाही का?

जायचं, नक्की जायचं, फक्त वेगळ्या कामासाठी. तिकडच्या प्रत्येक खासदाराच्या आणि सिनेटरच्या मतदारसंघातल्या ऑफिसात केसवर्क करणारी माणसं असतात, सरकारी खात्यात अडकलेली फाइल कुठे आहे, उशीर का होतोय हे विचारणं हे त्यांचं रोजचं काम. निकाल बदलायचा अधिकार त्यांना नाही, पण हरवलेली फाइल सापडणं, चुकीच्या पत्त्यावर गेलेलं कार्ड परत निघणं, तातडीच्या आजारपणात अर्ज आधी बघायची विनंती होणं, अशी कामं तिथून होतात आणि त्याची फी नसते. मतदार असण्याचीही अट नसते, त्या भागात राहत असलं की पुरतं. जाताना केसचा नंबर आणि आलेल्या नोटिसांच्या कॉपी न्यायच्या आणि तिथे माहिती उघड करण्याच्या संमतीचा फॉर्म भरायचा. त्या फॉर्मवर सही ज्याची केस आहे त्याचीच लागते, पुण्याहून किंवा सांगलीहून आईवडिलांनी कितीही कळकळीने ईमेल पाठवली तरी ते ऑफिस त्यांना केसबद्दल एक शब्दही सांगू शकत नाही, तेव्हा आज रात्री फोन झाला की मुलाला किंवा सुनेला हे एवढं तरी सांगून ठेवा.